अण्णाला झाकणारा मास्क

तोंडाला बांधतात तो मास्क मी नव्हे. कॉम्प्युटरवर फोटोतला नको तेवढा भाग झाकायला घालतात, तो मी. जाड कागदाला भोक पाडून फोटोवर ठेवा. भोकातून दिसेल तेवढाच फोटो दिसतो, कागद उचलला की सगळा दिसतो. माझं तसंच. मी काही कापत नाही, नुसता झाकतो. हे ज्याला कळायला हवं होतं, त्याला कुणी सांगितलंच नाही.

बेळगावात शहापुरातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात माझा जन्म झाला. हिंडलग्याचा नागेंद्र तिथं डिझाइन करायचा. पुढाऱ्यांपासून बारशाच्या बाळांपर्यंत गावाची तोंडं त्याच्या हाताखालून गेली. गेल्या वर्षी त्यानं धाकट्या भावाच्या, रवळूच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायला घेतला. फोटोत दोघं भाऊ गालाला गाल लावून उभे होते. रवळूच्या डोक्याला फेटा.

नागेंद्रनं रवळूच्या तोंडाभोवती एक लांबट गोल काढला. खांद्यांसाठी चौकोन काढून त्याचे कोपरे गोल केले. फेट्याच्या तुऱ्यासाठी पंख्यासारखा आकार घेतला. तिन्ही जोडून एक केले. त्याचा स्वतःचा गाल आत येत होता, तेवढा तुकडा त्यातून वजा केला. जो आकार उरला, त्याचाच मास्क केला. तो मी.

रवळू शेजारी स्टुलावर बसला होता. आठवीतच शाळा सोडलेला, घडीभर गप्प न बसणारा.

"अण्णा, तू कुठं गेलास रं?"

"हाय की आत. वाढदिवस तुझा, माझं तोंड कशाला?"

"लोकं म्हणतील, ह्येला मोठा भाऊ न्हाय काय."

"मोठ्यानंच केलंय म्हणून सांग." नागेंद्रनं शिफ्ट दाबून माझ्यावर क्लिक केलं. माझ्यावर तांबडी फुली पडली आणि पडद्यावर तो आला. हसत होता, डोळे बारीक झालेले. "बघ, हाय न्हवं?" परत क्लिक केलं, परत झाकला गेला.

तो फ्लेक्स आठ दिवस चौकात राहिला. नंतर घरच्या सरपणावर पांघरला गेला. मी फाइलमध्ये तसाच पडून होतो.

या मार्चमध्ये निपाणीला फ्लेक्स पोचवून परत येताना हायवेवर ट्रकनं नागेंद्रच्या गाडीला उडवलं. त्याचा मोबाईल चाकाखाली गेला. जगाचे फोटो सजवणाऱ्याचा स्वतःचा धड फोटो कुणाकडं नव्हता. आधार कार्डावर एक होता, कोवळ्या वयातला, कुणीतरी दम दिल्यासारखा. बाराव्याला गावच्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. असे कितीतरी नागेंद्रनं केले होते. त्याचा करायची वेळ आली, तेव्हा आई गुणाबाईनं एवढंच मागितलं, "माझा लेक हसताना लावा रं."

तेव्हा रवळूला मी आठवलो.

अकराव्या दिवशी दुपारी तो दुकानात आला. मालक यल्लाप्पा म्हणाला, "मी जेवून येतो, मग काढू. तवर हात लावू नगंस."

रवळूला तेवढा धीर कुठला. त्यानं फाइल उघडली, शिफ्ट दाबून माझ्यावर क्लिक केलं. अण्णा आला. रवळूनं पडद्यावर तळवा ठेवला. "आलास व्हय," म्हणाला.

मग त्याला माझी भीती वाटली असावी. मी परत अण्णाला झाकीन, म्हणून तो मलाच माऊसनं उचलून पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाला. पडद्यावर एक चौकट आली. इंग्रजीत काहीतरी विचारत होती. खाली तीन बटणं होती, अप्लाय, कॅन्सल आणि डिलीट. डिलीट त्याला मोबाईलमुळं वाचता येत होतं. अण्णा समोर हसत असताना ते बटण दाबायला त्याचा हात धजला नाही. कॅन्सल म्हणजे नको, तेही नको. त्यानं अप्लाय दाबलं.

डिलीट दाबलं असतं तर मी एकटा गेलो असतो, अण्णा राहिला असता. अप्लाय म्हणजे मला फोटोत कायमचं मुरवायचं. मी जे झाकलेलं असतं, ते पुसून टाकायचं.

अण्णा गेला. पडद्यावर फेटा बांधलेला रवळू एकटा उरला.

काही बिघडलं की आधी सेव्ह कर, लाइट कधी पण जाते, असं अण्णानं शिकवलेलं. त्याच्या बोटांनी सेव्ह केलं. मग अडकलेला मोबाईल बंद करून चालू करतात, तशी त्यानं फाइल बंद करून परत उघडली. दोनदा. तीनदा.

यल्लाप्पा हात पुसत आला. बघून त्यानं मागं जायचं बटण दाबून पाहिलं, काही आलं नाही. "बंद केलं नसतंस तर मागं आणता आलं असतं रं."

"मला काय म्हाईत?"

"मूळ फोटो?"

"अण्णाच्या मोबाईलात हुता."

तेवढ्यात रवळूचा फोन वाजला. आई होती. "घावला काय रं फोटो?"

रवळूनं यल्लाप्पाकडं बघितलं.

"न्हाय आई. त्यात अण्णा न्हवताच."

ती म्हणाली, "बरं. जेवाय ये."

यल्लाप्पानं आधार कार्डाचा फोटो मोठा केला. त्याच्याभोवतीचा गोल रवळूनं स्वतः काढला. वेडावाकडा येत होता, तीन वेळा काढावा लागला.

मी आता वेगळा राहिलो नाही. फोटोच्या कडेत विरून गेलोय, मला कुणी उचलू शकत नाही. म्हणून जाताजाता एकच मागतो. रवळू, तू अण्णाला पुसलं नाहीस. डिलीटचं बटण तुला दाबवेना, म्हणूनच हे झालं. उद्या आई फ्लेक्ससमोर बसेल, तेव्हा लांब उभा राहू नकोस. तिच्याजवळ बस आणि खरं सांग. ती चिडेल, बोलेल, बोलू दे. मग तो कसा हसत होता ते तिला सांग. डोळे किती बारीक झाले होते, गाल कुठं टेकला होता, सगळं सांग. ते आता तुझ्याशिवाय कुणाजवळच नाही.