तीनशे त्रेसष्ट दिवसांची पाटी

अमेरिकेतल्या डुलूथच्या या इस्पितळात मी संसर्ग मोजते. किती रुग्णांच्या मानेच्या शिरेत औषधाची नळी आहे, किती दिवस आहे, आणि तिच्यातून रक्तात जंतू गेले का, एवढंच माझं काम. अतिदक्षता विभागातली पांढरी पाटी मीच लावली होती, आकडा रोज एकाने वाढायचा; या बुधवारी होता ‘संसर्गाविना दिवस ३६३’. वर्ष पुरं झालं की केक, हेही मीच कबूल केलेलं.

बुधवारी सकाळी नळ्या मोजताना सात नंबरच्या खोलीत अडकले. वॉल्ट एंगेब्रेट्सनला सोमवारपासून ताप होता, आणि रक्त तपासायला पाठवल्याची नोंदच नव्हती. मी थेट मुख्य परिचारिकेला, लॉर्नाला गाठलं.

“सातमधल्या वॉल्टचं रक्त का नाही पाठवलं?”

“छातीत कफ आहे त्याच्या. डॉक्टर म्हणाले, बघू.”

“डॉक्टर म्हणाले, की तू सुचवलंस?”

ती टेबल पुसत राहिली. “ग्रेटा, दोनच दिवस गं. पोरींनी वर्षभर हात घासून सालटी काढलीत. शुक्रवारी पाठवू.”

“जंतू थांबतील शुक्रवारपर्यंत?”

“पाटी कोणी लावली?”

राग आला, त्याहून जास्त लाज वाटली. शोधलंच नाही तर सापडणार कुठून? झाकली मूठ सव्वा लाखाची.

डॉक्टरांना बोलावून मी समोर उभं राहून रक्त काढवलं, एक बाटली नळीतून, एक दंडातून. मग जिवाला चैन पडेना. सातवरून उगाच चार फेऱ्या झाल्या. वॉल्टची म्हातारी बायको आयरीन आत विणत बसली होती.

“मी रोज ती पाटी बघते आणि मगच घरी झोपायला जाते, पोरी,” ती म्हणाली. “तीनशे त्रेसष्ट म्हणजे काय चेष्टा आहे?”

मी हात धुऊन बाहेर आले.

गुरुवारी प्रयोगशाळेचा फोन आला. दोन्ही बाटल्यांत जंतू वाढले होते, नळीच्या रक्तात तीन तास आधी. म्हणजे नळीतूनच गेले होते. नळी काढली, औषध बदललं. लॉर्नाने पाटी पुसायचं फडकं माझ्या हातात ठेवलं.

“घे. तुझी पाटी.”

मी पुसून शून्य लिहिलं. मागे आयरीन कॉफी घेऊन उभी होती.

“अगं बाई. कोणाला झालं, बिचाऱ्याला?”

“तुमच्या वॉल्टना,” मी म्हणाले. “सोमवारपासून. आम्ही बघायचं टाळलं.”