कलकत्त्याच्या गोगलगायी

सोमीला बंगल्यावर कामाला घेतलं ते ती स्वयंपाक चांगला करते म्हणून नव्हे, ती चिंबोऱ्या खाते म्हणून.

जव्हारला दरबारी नोकरीत दादासाहेब नावाचे एक अंमलदार होते. गावाबाहेर माळाच्या कडेला त्यांचा बंगला. घर सोवळ्याचं. त्यांची सून वेणू, एकोणीस-वीस वर्षांची, छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती. नवरा कलकत्त्याला नोकरीला. तिथल्या कुणा डॉक्टरानं त्याच्या डोक्यात भरवलं, की क्षयावर मोठ्या गोगलगायींच्या रसासारखं दुसरं औषध नाही. बिचारा बायकोच्या काळजीनं अर्धा झाला होता. त्यानं वेताच्या करंडीत ओलं शेवाळ घालून तीस-चाळीस गोगलगायी धाडून दिल्या. इगतपुरीपर्यंत आगगाडी आणि तिथून मोखाड्यावरून बैलगाडी असा प्रवास करून कार्तिकात ती करंडी बंगल्यावर पोचली.

झाकण काढलं आणि आचारी दोन पावलं मागं सरकला. एकेक शंख मुठीएवढा, तपकिरी, त्यावर फिकट पट्टे. त्यातून बोटभर जाड अंग बाहेर आलेलं आणि शिंगं चहूकडं वळत असलेली. आचाऱ्यानं पळी खाली ठेवली.

"साहेब, हे चुलीवर चढणार असेल तर मी आजच गावी निघतो."

दादासाहेबांनी बागेतल्या जिवाला हाक मारली. जिवा जामसरचा. भात झोडून झालं की चार-पाच महिने बंगल्याच्या बागेत खपायचा.

"काय रे, तुझी बायको असलं काही रांधते का?"

"रांधते तं साहेब. चिंबोऱ्या, वढ्यातल्या बारक्या शंख्या. पन ह्या कंच्या मुलखातल्या?"

"कुठल्या का असेनात. उद्या तिला घेऊन ये."

अशी सोमी बंगल्यावर आली. मागच्या पडवीत तिला वेगळी चूल मांडून दिली, वेगळं मडकं दिलं. बागेतल्या टाक्याजवळ एक लाकडी पेटी ठेवून त्यात गोगलगायी सोडल्या होत्या; पंधरा-वीस दिवसांनी कलकत्त्याहून नवी करंडी यायची. रोज दोन काढायच्या, उकळत्या पाण्यात टाकायच्या, काट्यानं मांस ओढून काढायचं, राखेनं चोळून बुळबुळ घालवायची, घाण टाकून द्यायची आणि आलं-मिरी घालून रस आटवायचा. काम सोमीच्या हातातलं होतं. नवी होती ती फक्त गोगलगाईची जात.

पहिल्या दिवशी तिनं वाटी नेली तेव्हा वेणूनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"नको गं. वासानंच उलटतंय."

"नाक दाबा नि प्या, बाय. कडू नाय."

"तू खातेस हे?"

"हे नाय. आमच्या बारक्या ऱ्हातात त्या खातो."

वेणूनं वळून तिच्याकडं पाहिलं. चेहरा एवढासा झालेला, डोळे मात्र मोठे. "मग आज माझ्यासमोर खा. तू खाल्लंस तर मी पिईन."

सोमी पडवीत गेली, मडक्यातला एक तुकडा घेऊन आली आणि दारात उभी राहून तिनं तो खाल्ला. चिवट होता, पण चव वाईट नव्हती. वेणूनं नाक दाबलं आणि वाटी रिकामी केली. मग दोघी हसल्या. वेणूला हसताना खोकला आला, तेव्हा सोमीनं तिची पाठ चोळली. घरातलं दुसरं कुणी तिला एवढं जवळ घेत नव्हतं.

त्या दिवसापासून तेच चाललं. वेणूची वाटी, सोमीचा तुकडा. पौषात वेणू उठून खिडकीत बसू लागली. सोमीला ती तिच्या लेकीबद्दल विचारायची. चिमी मोखाड्याला दिलेली होती. माहेरी आली की इथं घेऊन ये, मी तिला चोळी देईन, असं म्हणायची. कलकत्त्याला पत्र गेलं की औषध लागू पडतंय.

मध्येच एकदा पेटीची फळी सुटली. सोमीनं मोजल्या तर तीन कमी. तिनं टाक्याभोवती, पालापाचोळ्याच्या ढिगाखाली खूप शोधलं. सापडल्या नाहीत. कुणाला सांगितलं नाही. रागावतील, कामावरून काढतील, मग वेणूबायला रस कोण करून देणार, असं तिला वाटलं.

फाल्गुनात एका सकाळी वेणूच्या तोंडातून रक्त आलं ते थांबलंच नाही. सोमी वाटी घेऊन दारात पोचली तेव्हा खोलीत बायका रडत होत्या. तिला आत कुणी येऊ दिलं नाही.

बंगला आठवड्यात रिकामा झाला. निघताना दादासाहेब जिवाला म्हणाले, "ती पेटीतली ब्याद मारून टाक. आणि बागेतलं काय हवं ते तुम्ही घेऊन जा. मला इथलं काही पाहवत नाही." नवराबायकोनं उरलेल्या अकरा गोगलगायी कढत पाण्यात टाकून मारल्या आणि खड्डा खणून पुरल्या. बागेतलं जिवाला एकच हवं होतं. टाक्याजवळच्या ढिगातली कुजलेल्या पाल्याची काळी माती. असली माती जामसरच्या उतारावर कुठं मिळते? दोन गाड्या भरून त्यानं ती आणली आणि घराच्या परसात काकडी-दोडक्याच्या आळ्यांना घातली.

श्रावणात काकडीच्या वेलाला भोकं पडली. सोमी पानं उलटून बघत होती, तर एका पानाखाली नखाएवढा शंख. तपकिरी, फिकट पट्ट्यांचा. दुसऱ्या पानाखाली दोन होते. आळ्यातली माती बोटानं उकरली तर पांढरी, साबुदाण्यासारखी अंडी.

"आवो, हे त्याच," ती जिवाला म्हणाली. "पेटीतल्या तीन सुटल्या होत्या, मी बोलले नव्हते. त्यांची पिलावळ. मातीतून आली."

"असू दे. धा-वीस हायेत. वेचून टाकू."

वेचल्या. रोज वेचल्या. थंडी पडली, ऊन तापलं आणि दिसायच्या बंद झाल्या, तेव्हा जिवा म्हणाला, "बघ, संपल्या." गोगलगायी दगडांच्या बांधात, झाडांच्या बुंध्याशी तोंड बंद करून निजल्या होत्या, हे त्याला कसं कळावं?

पुढल्या वर्षी वाफ्यावर पाला जाळून राब भाजून झाला, त्यात नागली पेरली, रोप चार बोटं वर आलं. लावणी पंधरा दिवसांवर आलेली. एका सकाळी जिवा शेतावर गेला आणि धावत परत आला. सोमी बघायला गेली. वाफ्यात हिरवं असं काही उरलंच नव्हतं. ओल्या मातीवर चकाकणाऱ्या रेघा, एकीवर एक, जणू कुणी सगळ्या वाफ्यावर पेज सांडली होती. बांधाच्या सावलीला मुठीएवढे शंख एकाला एक चिकटून बसले होते. शेजारचा वाफा काळी नावाच्या बाईचा. काळी विधवा, पदरात दोन पोरी. तिचं अर्धं रोप गेलं होतं. काळी बांधावर उभी होती. ती ओरडली नाही, तिनं शिव्या दिल्या नाहीत. तिनं फक्त विचारलं, "हे काय आलां गं, सोमे?"

सोमी खोटं बोलली असती तरी चाललं असतं. कुणाला काय ठाऊक होतं? पण पाड्यावरची माणसं नवशा भगताच्या अंगणात जमली तेव्हा तिनं उभी राहून सगळं सांगितलं. करंडी, रस, वेणूबाय, सुटलेली फळी, गाडीतली माती.

नवशा म्हातारा होता, वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाय गेली, पन तिचां दुखनां गेलां नाय. ते ह्यांच्या पोटात बसून हितं आलां."

"नाय, बाबा. ते औषध होता. आनि मास वाईट नाय. आपन वढ्यातल्या शंख्या खातो तसंच. वेचायच्या नि खायच्या. सगळी घरां खायला लागली तं दोन सालात संपतील. मी चार महिने खाल्ल्या. माना काय झालां?"

"तुला काय झालां," नवशा म्हणाला, "ते अजून कळायचां हाय."

सोमीच्या घशात खवखवलं. तिनं तो खोकला गिळला.

जिवा जव्हारला जाऊन आला. कचेरीत त्याला दोन दिवस बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी कारकुनानं विचारलं, रानडुक्कर आहे का, टोळ आहे का? गोगलगाय म्हटल्यावर तो आधी हसला. मग म्हणाला, "अरे, ती चालते कितीशी? तिला उचल आणि बाजूला ठेव." जिवा परत आला तो पडवीत पाय पसरून बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही.

माणसांनी जमेल ते केलं. वाफ्याभोवती राख पसरली, ती पावसानं वाहून गेली. टोपल्या भरभरून वेचल्या, पण टाकायच्या कुठं? ठेचल्या तर तीन दिवस दुर्गंधी. ओढ्यात सोडल्या तर खालच्या पाड्यावरची माणसं भांडायला आली. शेवटी ठरलं, की सगळ्यांनी वाफे ओढ्यापलीकडं करायचे आणि सोमी-जिवानं तिकडं पाय ठेवायचा नाही. टोपलीला, कुदळीला, पायाच्या मातीला चिकटून काही जायला नको. यात राग नव्हता. लावणीच्या वेळी प्रत्येक घरानं एकेक मूठ रोप काढून ओढ्याच्या अलीकडच्या दगडावर ठेवलं. ठेवणारा ठेवून निघून जायचा, मग जिवा जाऊन उचलायचा. त्यातून दोन पट्ट्या लागल्या. बाकीचं शेत तसंच राहिलं.

चिमीला सासरच्यांनी माहेरी पाठवायचं बंद केलं. मोखाड्याच्या बाजारात तिच्या दिराची गाठ पडली, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "मामा, रागावू नका. घरात बारकी पोरां हायेत." जिवा म्हणाला, "नाय रागवत." दुसरं काय म्हणणार?

सोमी पहाटे उठून वेचायची. घरचं धान्य संपलं तेव्हा तिनं गोगलगायी शिजवल्या आणि खाल्ल्या. जिवानं एकदा घास घेतला. त्याच्या घशाखाली उतरला नाही. "चव बरी हाय," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन थुंकला. ती एकटी किती खाणार? दोन वेळा पोट भरून खाल्ल्या तरी टोपली भरलेलीच. खाताना तिला वेणूबायची आठवण यायची, नाक दाबून वाटी रिकामी करणारी. त्या पोरीला एवढंच हवं होतं, की कुणीतरी समोर बसून खावं. आता सोमीच्या समोर बसायला कुणी नव्हतं. थंडीत तिला खोकला झाला. साधाच होता, चिखलात उभं राहून झालेला. पण ती खोकली की शेजारच्या घरातलं बोलणं थांबायचं. मग ती पदराचा बोळा तोंडात धरून खोकायला शिकली.

तिसऱ्या वर्षी गोगलगायी ओढ्यापलीकडं निघाल्या. सोमी-जिवानं पाऊल ठेवलं नव्हतं, तरी निघाल्या. पुरातल्या ओंडक्यावर बसून गेल्या, की गुरांच्या वैरणीतून, कुणास ठाऊक. नवशानं कोंबडं दिलं, नारळ दिला, पिकाभोवती मंतरलेलं पाणी फिरवलं. त्या वर्षी दगडावर रोप ठेवायला कुणाकडंच रोप नव्हतं.

भाद्रपदात, पाड्यावरच्या कणग्या खरवडून झाल्या तेव्हा, एका दुपारी काळी सोमीच्या दारात आली. वाफे वेगळे झाल्यापासून पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"पोरींनी दोन दिस कंद खाल्ला. काल धाकली चक्कर येऊन पडली," ती म्हणाली. "तू कसा रांधतेस, ते सांग."

सोमीनं काळीला आत बोलावलं नाही, उगीच बिथरेल म्हणून. अंगणातच तीन दगडांची चूल मांडली. एकेक करून दाखवलं. उकळायचं कसं, काट्यानं ओढायचं कसं, कुठला भाग टाकायचा, राख किती वेळ चोळायची. काळी उकिडवी बसून बघत होती, मध्येच मान हलवत होती. सोमीनं मीठ-मिरची घातली, चिंचेचा कोळ घातला, वास सुटला. तिनं आधी स्वतः एक तुकडा तोंडात टाकला. मग मडकं काळीपुढं केलं.

"तू चाख."

"घरी पोरींसंगं खाईन."

"गरम हाय तवर खा. पोरींना सांग, चिंबोरीचा हाय."

काळीनं मडकं पदरानं धरलं, डोक्यावर घेतलं आणि निघाली. दोन पावलांवर थांबून म्हणाली, "तुझा उपकार हाय, सोमे." सोमी दारात उभी राहून बघत राहिली. कितीतरी दिवसांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. आज काळी, उद्या आणखी एखादं घर, असं तिच्या मनात आलं.

काळी दारातून दिसणाऱ्या वाटेच्या वळणापर्यंत गेली. तिथं करवंदीची जाळी आहे. काळी थांबली, मडकं खाली उतरवून तिनं आत बघितलं. बराच वेळ बघत राहिली. वाकून एकदा बोट बुडवलं, तोंडाजवळ नेलं, आणि ते तसंच पदराला पुसलं. मग मागं न बघता तिनं मडकं जाळीत उपडं केलं, पुन्हा डोक्यावर घेतलं आणि घराकडं गेली. तिचे खांदे हलत होते.

सोमीनं हाक मारली नाही. हाक मारून काय सांगणार होती? जे सांगायचं ते तिनं नवशाच्या अंगणातच सांगितलं होतं.

आत जिवानं विचारलं, "घेऊन गेली का?"

"गेली," सोमी म्हणाली.

आभाळ भरून आलं होतं, पाऊस पडला की त्या बाहेर पडणार. तिनं टोपली उचलली आणि परसात गेली.