लाभ, दोन, तीन

चातुर्मासात मी दरवर्षी एखादा नेम धरते. कधी मौनाने जेवण, कधी एकच धान्य. यंदा देवापुढे बसून ठरवलं की चार महिने कुणालाही ‘चुकलं’ म्हणायचं नाही. ठरवताना एक गोष्ट ध्यानातच आली नाही, ती म्हणजे माझं कामच चुका दाखवण्याचं आहे.

मी अंगणवाडीच्या ताईंना शिकवते. लहान मुलांना गणिताची गोडी कशी लावावी, ते. म्हणजे पाढे नव्हेत. वस्तूंचे वेगवेगळे ढीग लावणं, जोड्या जुळवणं, कमी-जास्त ओळखणं, आणि मग मोजणं. खंडाळ्याकडे हे बरीच वर्षं केलं. श्रावणात सांगलीच्या ऑफिसातून निरोप आला, कुंडलच्या ताईंचं प्रशिक्षण घ्या, शेवटच्या दिवशी साहेब बघायला येतील. त्यांना पटलं तर जिल्ह्यातल्या पुढच्या तुकड्याही माझ्याकडे. नाही पटलं तर सगळ्या ताईंच्या मोबाइलवर व्हिडिओ पाठवून मोकळे. साहेबांचा कल व्हिडिओकडेच होता. व्हिडिओला प्रवासखर्च लागत नाही आणि चहाही लागत नाही.

पहिल्या दिवशी मी बाटल्यांची टोपणं, चिंचोके, खडे, वाटाणे, बटणं असा एक ढिगारा मधोमध ओतला आणि ताईंना म्हटलं, यातून सारखं सारखं वेगळं काढा. सगळ्यांत जुन्या चंद्राबाई. आवाज असा, की त्यांच्या एका हाकेला शेजारच्या गल्लीतली मुलंही गप्प बसावीत.

“आवं बाई, निवडायचंच हाय तर घरला तांदूळ पडल्यात की आमचे! ह्यात गणित कुठं हाय?”

“हेच गणित आहे, चंद्राताई.”

“मग आमी रोजच शिकल्याली मानसं म्हनायची,” असं म्हणून त्यांनी वाटाणे वेगळे काढले. थोडे तोंडात टाकले.

दुसऱ्या दिवशी वाटीने ज्वारी मोजायची होती. चंद्राबाईंनी पहिली वाटी भरली, कपाळाला लावली आणि डब्यात ओतत म्हणाल्या, “लाभ. दोन. तीन.”

मी हळूच म्हटलं, “चंद्राताई, ‘एक’ म्हणून बघायचं का?”

“धान्याला?” त्यांनी वाटी खाली ठेवली. “पयल्या मापाला एक म्हनलं की घरातलं धान्य सरतंय. तुमी घरी काय म्हंता?”

झाली पंचाईत. खोटं न बोलण्याचा नेम तर बारमाही. सासूबाईंनी लावलेली सवय, रोज तांदूळ घेताना पहिल्या वाटीला मीही तेच म्हणते.

“लाभ,” मी म्हटलं.

“बगा!”

पलीकडून जैनब बोलली. तिचे वडील सांगलीत हळदीच्या पेठेत तोलाई करायचे. “आमच्यात ‘बरकत’ म्हणतात, मॅडम. बरकत, दोन, तीन.”

“त्येच की गं!” चंद्राबाई खूश झाल्या, आणि दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं. नेम नसता तर मी चटकन ‘चुकलं’ म्हटलं असतं. आता नुसती मान हलवली.

संध्याकाळी दिवा लावताना देवालाच विचारलं, आता रे काय करू? देव बोलला नाही. त्यानेही काही नेम धरला असावा. मग माझं मलाच सुचलं, की साहेबांपुढे धान्य काढायचंच नाही. शेवटच्या दिवशी सकाळीच जाऊन ज्वारीची पिशवी कपाटात घातली, कुलूप लावलं आणि टोपणं बाहेर काढली.

साहेब वेळेवर आले. चंद्राबाईंची आणि जैनबची, दोन्ही अंगणवाड्यांतली मुलं गोल करून बसली होती. “एक, दोन, तीन,” टोपणं छान मोजली गेली. साहेब मोबाइल बघत होते. मी मनात नामस्मरण करत होते. एवढ्यात चंद्राबाईंनी मुलांसाठी उकडलेल्या शेंगांची टोपली आत आणली.

“अरे वा!” साहेब म्हणाले. “याच मोजायला द्या की. व्हिडिओत असंच दाखवलंय.”

“साहेब, टोपणंच बरी—”

“शेंगा द्या.”

शेंगा दिल्या. निम्मी मुलं एका सुरात म्हणाली, “लाभ, दोन, तीन!” निम्मी म्हणाली, “बरकत, दोन, तीन!”

साहेबांनी मोबाइल खिशात घातला. “मॅडम, हे काय चाललंय? यांना ‘एक’ येत नाही?”

साहेबांनी समोरच्या शिवांजलीला जवळ बोलावलं. चंद्राबाईंच्या अंगणवाडीतली, साडेचार वर्षांची, दोन शेंड्यांची.

“ही शेंग किती, बाळ?”

“लाभ.”

त्यांनी टोपण उचललं. “आणि हे?”

“एक.”

साहेब थबकले. पुन्हा शेंग दाखवली. “लाभ.” पुन्हा टोपण. “एक.”

“बरं, तुला नाक किती?”

शिवांजलीने नाक चाचपलं. विचारात पडली. “नाक खात्यात का?”

“नाही गं बाई.”

“मग एक.” तिला साहेबांची दया आली असावी. “खायाचं असलं की लाभ. नसलं की एक. तुमास्नी कुनी शिकवलं न्हाई व्हय?”

“अगं शिवे! सायेबास्नी असं बोलत्यात?” चंद्राबाई ओरडल्या, पण हात तिच्या पाठीवरून फिरत होता.

मी धीर करून म्हटलं, “साहेब, खायचं एका ढिगात, न खायचं दुसऱ्या. मोजण्याच्या आधीची पायरी हीच. हे मी शिकवलेलं नाही. तिचं तिनंच लावलंय.”

“ते ठीक आहे. पण पहिलीत गेल्यावर?”

“तिथला एक फळ्यावर असतो, साहेब,” जैनब म्हणाली. “तो कोण खातंय?”

साहेब हसू दाबत खुर्चीत बसले. चहा आला. त्यांनी कप रिकामा केला, तशी चंद्राबाई किटली घेऊन पुढे झाल्या. “आनि घ्या, सायेब.”

“नको, एक झाला.”

“चुकलं!” शिवांजली म्हणाली. तोंडात शेंगदाणे होते, तरी खणखणीत ऐकू आलं.

साहेबांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या गणपतीकडे पाहत राहिले. माझा नेम मोडला नव्हता, आणि जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

“बरं बाई,” साहेब म्हणाले. “लाभ झाला.”

“मग आता दोन हुंद्या!” म्हणत चंद्राबाईंनी कप काठोकाठ भरला. साहेबांनी तोही घेतला.

गाडीत बसताना त्यांनी काच खाली केली. “मॅडम, पुढची तुकडी तासगावला. सोमवारी याल?”

“श्रावणी सोमवार आहे, साहेब. उपास असतो माझा.”

“चहा चालतो ना?”

“चालतो.”

“मग या.” गाडी हलली आणि पुन्हा थांबली. काचेतून डोकं बाहेर आलं. “फक्त त्या शिवांजलीला आणू नका.”