मार्लशायरचं अपील

सरकारनं मार्लशायर ही काउंटी, म्हणजे आमचा जिल्हाच, रद्द केल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या काउंटी फुटबॉल संघटनेची बैठक चालू होती. विषय होता कॉर्नरच्या झेंड्यांची उंची. अध्यक्ष टॉमकिन यांनी बातमी शांतपणे ऐकून घेतली, "ते आयत्या वेळच्या विषयांत घेऊ" म्हणाले आणि पुन्हा झेंड्यांकडे वळले.

पुढच्या वर्षभरात सगळेच शेजारच्या ब्रॅनफर्डशायरमध्ये विलीन झाले. पोलीस झाले, आगीचे बंब झाले, खेडोपाडी पुस्तकं घेऊन फिरणारी ग्रंथालयाची गाडी झाली. मधमाश्या पाळणाऱ्यांच्या मंडळानं तर कुणी सांगायच्या आधीच मान टाकली. आम्ही टाकली नाही. आमची संघटना १८८४ सालची. तिची पहिल्यापासून अशी समजूत आहे, की काउंटी ही फुटबॉल संघटनेच्या सोयीसाठी असते. सोय गेली म्हणून कुणी जीव देत नाही.

मी या संघटनेचा इतिहासकार. शाळेत इतिहास शिकवतो आणि घरी टाइपरायटर आहे, या दोन गुणांवर माझी नेमणूक झाली. त्यातला टाइपरायटर निर्णायक ठरला. जुनी कागदपत्रं चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. नव्वद वर्षांत या संघटनेनं एकही निर्णय मागं घेतलेला नाही. एका गोलरक्षकाला शिक्षा सुनावली, तेव्हा तो वारलेला होता. त्याच्या बायकोनं तसं कळवलं. संघटनेनं तिचं सांत्वन केलं आणि शिक्षेची मुदत चालू असल्याची आठवण करून दिली.

आता अडचण अशी झाली, की लंडनच्या मुख्य फुटबॉल संघटनेकडून हुकूम आला: जिची काउंटीच उरली नाही अशा संघटनेला स्वतंत्र राहायचं असेल, तर तिच्याकडं निदान बारा क्लब हवेत. आमच्याकडं होतेही बारा. पण वीटभट्टी बंद पडली आणि तिचा क्लब गेला. मार्च संपायच्या आत बारावा क्लब आमच्या मैदानावर, आमच्या पंचाच्या शिट्टीवर एक सामना खेळला पाहिजे, नाहीतर विलीनीकरण. ब्रॅनफर्डशायर संघटनेचे सचिव क्रंप मुद्दाम भेटायला आले.

"तुमच्या काउंटी चषकाची काळजी करू नका, टॉमकिन," ते म्हणाले. "आमच्या कपाटात जागा करून ठेवलीय. खालच्या फळीवर."

टॉमकिन धंद्यानं खाटीक. त्यांनी क्रंपना आपादमस्तक न्याहाळलं, कुठून सुरुवात करावी अशा नजरेनं. दार लागल्यावर म्हणाले, "खालच्या फळीवर! माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही."

बारावा क्लब खरं तर डोळ्यांसमोर होता. मटार डबाबंद करायच्या कारखान्यातल्या बायका तीन वर्षं कारखान्यामागच्या रानात फुटबॉल खेळत होत्या. लंडननं बायकांवरची जुनी बंदी चार-पाच वर्षांपूर्वीच उठवली होती. ती मार्लशायरमध्ये उठली की नाही, हे आम्हांला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आम्ही सांगितलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत टॉमकिन, आमचे सचिव पिलबीम आणि मी कारखान्याच्या आवारात गेलो. बायका डबे उपडे घालून त्यांवर बसल्या होत्या. त्यांची कप्तान ग्लेनिस बाउल्ट, चाळिशीतही बचावफळी सांभाळणारी बाई, सॅन्डविच खाता खाता आमचं ऐकत होती.

"म्हणजे आता आम्ही चालतो?"

"तत्त्वतः, मिस बाउल्ट," पिलबीम म्हणाले.

"आणि गेल्या वर्षी मैदान मागितलं तेव्हा?"

"तेव्हा गवताला विश्रांती दिली होती."

"उठलं का गं गवत?" ग्लेनिसनं मागं वळून विचारलं. बायका खिदळल्या. "उठलं असेल तर येतो आम्ही. पण एक अट आहे. पंच माझे बाबा."

पिलबीम यांचा चेहरा मटारासारखा झाला. रंगानं.

कारण असं. १९२१ च्या डिसेंबरात लंडनहून फर्मान सुटलं होतं, की फुटबॉल हा बायकांना न शोभणारा खेळ असून त्यांना मैदानं देऊ नयेत. पुढच्याच महिन्यात आमच्या काउंटीच्या मैदानावर याच कारखान्यातल्या बायका खेळल्या, आणि शिट्टी वाजवली एझ्रा बाउल्ट या आमच्या सर्वांत तरुण पंचानं. संघटनेनं त्याला तहहयात निलंबित केलं. निलंबित माणसाला मैदानाच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकता येत नाही. सुटकेचा मार्ग एकच: अपील करायचं, समितीच्या दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभं राहायचं, आणि आत बोलावल्यावर खेद व्यक्त करायचा. एझ्रानं तो मार्ग कधी धरला नाही. पन्नासेक वर्षं तो दर शनिवारी कुंपणाबाहेरून सामना बघत आला आणि आमच्या पंचांना त्यांच्या चुका मोठ्यानं सांगत आला.

आम्ही त्याच्या भाजीच्या वाफ्यावर गेलो. सत्त्याहत्तर वर्षांचा एझ्रा कांद्याची पात उपटत होता.

"एकच वाक्य, मिस्टर बाउल्ट," पिलबीम अजीजीनं म्हणाले. "मला खेद वाटतो. बस."

"कशाचा?"

"त्या सामन्याचा."

"सामना झकास झाला. तीन-दोन. खेद आहे तो एकाच गोष्टीचा. तिसरा गोल ऑफसाइड होता, आणि मी दिला."

"चालेल!" पिलबीम यांना हर्ष झाला. "ऑफसाइडचा खेद चालेल!"

"तो माझा खेद आहे. तुम्हांला का देऊ?" एझ्रानं पातीची माती झटकली. ती पिलबीम यांच्या बुटांवर पडली. "मी मरेन, पण टोपी काढून तुमच्या दाराशी उभा राहणार नाही."

"तुम्ही नाही आलात, तर संघटनाच मरेल हो," टॉमकिन म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"मग पुढं होऊ दे तिला. वयानं मोठी आहे."

त्या आठवड्यात समितीची बैठक झाली. पिलबीम यांनी नियम वाचून दाखवला, पुन्हा वाचला, आणि वाट नाही असं जाहीर केलं. अपील नाही तर सुटका नाही, सुटका नाही तर सामना नाही, सामना नाही तर मार्लशायर नाही.

टॉमकिननी नियमाचा कागद स्वतःकडं ओढला. "अपील कुणी करायचं असतं, पिलबीम?"

"ज्याच्या हातून चूक झाली त्यानं."

"मग ते मी करतो."

"आपण? आपल्याला कुणी निलंबित केलेलं नाही, अध्यक्षमहाराज!"

"ते राहूनच गेलं," टॉमकिन म्हणाले. "ते बाउल्टला करू द्या. बोलवा त्याला. माझ्या खुर्चीवर बसवा."

नव्वद वर्षांत असं घडलं नव्हतं, असं पिलबीम म्हणाले. मी इतिहासकार या नात्यानं दुजोरा दिला. टॉमकिन म्हणाले, "ब्रॅनफर्डच्या कपाटात बसून हेच म्हणा दोघं. खालच्या फळीवरनं."

एझ्रा आला. पन्नास वर्षांनी प्रथमच आमच्या कचेरीत आला, अध्यक्षांच्या खुर्चीत बसला आणि चहा मागवला. टॉमकिन बाहेरच्या बोळात टोपी हातात घेऊन उभे होते. चहा संपला. एझ्रानं दुसरा मागवला. आमची रीत हीच आहे. अपिलाला आलेल्या माणसाला आम्हीही असंच ताटकळत ठेवतो. ते ताटकळणं इतकं लांबतं, हे टेबलाच्या या बाजूनं कधी जाणवलं नव्हतं.

मग टॉमकिनना आत घेतलं.

"नाव?"

"हॅरल्ड टॉमकिन. खाटीक."

"काय केलंत?"

"एका पंचाला बाहेर काढलं. बायकांनी खेळायचं नाही म्हणून."

"तुम्ही तेव्हा शाळेत होता."

"सही माझ्या वडलांची आहे." भिंतीवर माजी अध्यक्षांचे फोटो होते. टॉमकिन तिकडं न बघता बोलत होते. "खेद माझा."

एझ्रानं कप खाली ठेवला. पिलबीम खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर शेजारच्या इमारतीची भिंत आहे.

"अपील मंजूर," एझ्रा म्हणाला. "शिक्षा मात्र होणार. सामना समितीनं कुंपणाबाहेरून बघायचा. सगळ्यांनी."

"शिक्षेविरुद्ध अपील..." पिलबीम यांनी सुरुवात केली.

"करा की. टोपी आहे ना?"

मार्चच्या शेवटच्या शनिवारी सामना झाला. समोर किनाऱ्याकडच्या एका गावातला बायकांचा संघ होता. वारं असं सुटलं होतं, की गोलकिकचा चेंडू परत गोलरक्षकाकडंच यायचा. आम्ही सात जण कुंपणाबाहेर काटेरी झुडपांत उभे होतो. तिथून निम्मं मैदान दिसतं आणि बोचतं सगळं. एझ्रा धावत नव्हता. मधल्या वर्तुळात उभा राहून तो नुसता फिरत होता, दीपगृहासारखा, आणि हळूहळू खेळच त्याच्याजवळ यायला शिकला.

क्लब मोजायला क्रंप आले होते. ते पाहुणे, म्हणून आत. त्यांनी एझ्राला ओळखलं आणि तरातरा कुंपणापाशी आले.

"टॉमकिन, हा माणूस निलंबित आहे. सामना धरता येणार नाही."

"निलंबन उठलं."

"कुणी उठवलं?"

"मार्लशायरनं."

"मार्लशायर नावाची काउंटी अस्तित्वातच नाही, भल्या माणसा!"

"बरं," टॉमकिन म्हणाले. त्यांच्या कोटात काटे रुतले होते आणि ते हलू शकत नव्हते. "मग याला बाहेर कुणी काढलं होतं, तेवढं सांगा."

क्रंप सामना थांबवायला सरळ मैदानात शिरले. शिट्टी वाजली. बावीस बायका थांबल्या. एझ्रा वर्तुळ सोडून त्या दिवशी प्रथमच चालत आला, सावकाश, क्रंप यांच्या पुढ्यात येईपर्यंत.

"रेषेच्या मागं, साहेब."

"मी ब्रॅनफर्डशायरचा सचिव..."

"कुठलेही असा. रेषा मार्लशायरची आहे."

ग्लेनिस चेंडू काखेत धरून बाबांच्या मागं येऊन उभी राहिली. तिच्या मागं आणखी दोघी. क्रंप यांनी खाली बघितलं. पांढरी रेषा त्यांच्या बुटांच्या मागं होती. त्यांनी आधी एक पाय उचलून तिच्या पलीकडं ठेवला. मग दुसरा.