उंबराच्या पानावरची गाठ

मित्रांनो, आधी एक गोष्ट ठणकावून सांगते. मी रोग नाही. झरीच्या शिवारात, दिनकररावांच्या कपाशीच्या बांधावर एक जुना उंबर आहे, त्याच्या पानावरची मी गाठ आहे. हिरवी, वाटाण्याएवढी, वरून खरखरीत. येणारेजाणारे मला फोड म्हणतात, बिमारी म्हणतात. म्हणोत बापडे. मी एक घर आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

माझा जन्म श्रावणातला. तिळाएवढी एक पंखवाली आई अंडी घालायला जागा शोधत आली. वाटेत कडुनिंब होता, बोर होती, कपाशी तर नजर जाईल तिथवर होती. तिने कुठे पाय टेकला नाही. उंबरावर आल्यावरसुद्धा जून पानं तिने चाचपून सोडून दिली आणि नुकतं उलगडू लागलेलं कोवळं पान निवडलं. जून पान वाढत नाही, आणि जे स्वतःच वाढत नाही ते घर कसलं बांधणार? ती अंडं घालून निघून गेली. अंड्यातून पिल्लू निघालं, ते रस ओढू लागलं, तसं पान त्याच्याभोवती फुगत गेलं. अशी मी झाले. त्याची भिंतही मीच आणि भाकरीही मीच.

उंबराला माझा थोडा त्रास होतो, हे मी नाकारत नाही. पण एवढं मोठं झाड, चार पानं वाकडी झाली म्हणून ते कधी रुसलं नाही. माझं खरं वैर एका बारीक काळ्या माशीशी. ती गाठीत नांगी खुपसून स्वतःचं अंडं आत सोडते, मग तिची अळी आतलं पिल्लू खाऊन टाकते. शेजारची कितीतरी घरं तिने अशी उजाड केली. मी आपल्या भिंती जमतील तेवढ्या जाड केल्या.

पोळा झाला आणि दिनकररावांची नजर वर गेली. बोंडअळीने पोळलेला माणूस, पानावर काहीही उठलेलं दिसलं की पंप पाठीवर. "ही बिमारी उद्या कपाशीत उतरंल," असं म्हणून त्यांनी कपाशीचंच औषध उंबरावर मारलं. झालं काय? औषध माझ्या भिंतीवरून ओघळून गेलं आणि उघड्यावर फिरणारी काळी माशी मेली. माझा वैरी फुकटात मारून दिला, त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले.

गाठी तशाच दिसल्यावर मात्र ते चिडले. उंबर तोडायचा नसतो, हे ते पाळतात. पण फांद्या छाटायला काय हरकत? उद्या कोयता आणून फांद्या शेळ्यांना टाकायच्या, असं त्यांनी ठरवलं. मी घाबरले. माझ्या पिल्लाचे पंख अजून नुसते खुंटच होते. फांदी तुटली की पान वाळणार आणि आतला जीवही.

त्यांची बायको राजेश्री कपाशीत खुरपत होती. ती उठून उभी राहिली.

"अहो, खामखा कशाला छाटायलात? ते कपाशी खातंय का न्हाई, आधी बघा की."

"कसं बघू?"

"एक फोडा. कपाशीच्या पानावर ठिवा. सकाळी कळंल."

दिनकररावांनी माझ्या शेजारची गाठ नखाने फोडली. आतलं पांढुरकं पिल्लू काडीवर घेतलं आणि कपाशीच्या कोवळ्या पानावर ठेवलं. मी वरून सगळं पाहत होते. पिल्लू हळूहळू पानभर हिंडलं, शेंड्याकडे गेलं, देठाकडे आलं. पान रसरशीत होतं, पण ते त्याचं नव्हतं. त्याने एकदाही तोंड लावलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि तेवढाच त्याचा अभिमानही वाटला.

सकाळी दोघं वाकून बघत होते. पिल्लू वाळून पडलं होतं. पानावर ओरखडासुद्धा नव्हता.

"उपाशी मेलं," राजेश्री हळू आवाजात म्हणाली. "पण आपल्या कपाशीला धक्का लावला न्हाई."

कोयता घेऊन दिनकरराव आले तसे परत गेले.

पुढे एके दिवशी मी तडकले. माझं पिल्लू बाहेर आलं, त्याने कात टाकली, पंख वाळवले आणि ते उंबराच्याच नव्या पालवीकडे गेलं. आता मी रिकामी आहे, सुकत चालले आहे. तरी मान खाली घालणार नाही.

मित्रांनो, आमच्यावर दया करा, असं मी म्हणणार नाही. पानावर गाठ दिसली तर पंप उचलण्याआधी एवढंच पाहा, ती कुणाचं घर आहे आणि तो काय खातो. आम्ही चोर नाही, हे पटवायला माझ्या शेजारणीचं लेकरू गेलं. दुसरं मागू नका.