पुंजाजींचा डावा कान

पुंजाजी सिरसाट तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन बाळापूरजवळच्या आपल्या गावी आले, तेव्हा त्यांच्या गुडघ्याची नोंद सरकारदरबारी होती आणि कानाची नव्हती. गुडघ्याची डिसेबिलिटी पेन्शन सुरू होती. कानाबद्दल कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहावं असा पुंजाजींचा बेत होता.

डावा कान राजस्थानात गेला. फायरिंगच्या सरावात एक तोफ ठरल्या वेळेच्या जरा आधी उडाली. पुंजाजींचा हात तेव्हा कानाकडे निघाला होता, पण पोचला नव्हता. त्याच दिवशी दवाखान्यात गेले असते तर कागद झाला असता. पण बढतीची यादी लागायची होती, आणि कमी ऐकणाऱ्याचं नाव यादीतून गळतं असा सगळ्यांचा समज होता. पुढे दर मेडिकलला डॉक्टर डाव्या कानाशी काहीतरी पुटपुटायचे आणि समोर येऊन ‘ऐकू आलं?’ असं विचारायचे. हा प्रश्न उजव्या कानाला स्वच्छ ऐकू यायचा. पुंजाजी ‘येस सर’ म्हणायचे.

गावात या कानाने त्यांचं भलंच केलं. डाव्या बाजूने कोणी हाक मारली तर ते सरळ पुढे निघून जात. लोक म्हणत, फौजी आहे, अकड असणारच. विहाराच्या समितीत दोन गट होते. डावीकडे बसलेला गट तावातावाने बोलायचा आणि पुंजाजी शांतपणे समोर बघत राहायचे. कोणाच्या बोलण्याने न हलणारा माणूस म्हणून दोन्ही गटांनी मिळून त्यांना अध्यक्ष केलं.

नुकसान एकच झालं. मुलगी दीपमालाच्या लग्नात हिवरखेडचे व्याही उत्तमराव चार पाहुण्यांसमोर ‘सिरसाट साहेब, सिरसाट साहेब’ म्हणत मागून आले, आणि पुंजाजी न थांबता पाण्याचा टँकर आला की नाही ते बघायला निघून गेले. त्यानंतर उत्तमरावांनी या घराचा उंबरठा ओलांडला नाही. सुनेला, म्हणजे दीपमालाला, माहेरी आणायचं तर ते तिला बाळापूरच्या स्टँडवर उतरवून तिथूनच परत फिरायचे.

हे असंच चाललं असतं. पण अमरावतीहून नत्थुजींचे फोन येऊ लागले. नत्थुजी तोफखान्यातले सोबती. त्यांच्या घरी फुलांचा धंदा होता आणि मुलं दुकान सांभाळत, त्यामुळे स्वतःच्या तब्येतीकडे बघायला त्यांना वेळच वेळ होता. पाठ, रक्तदाब आणि कान अशा तिन्हींचे दावे त्यांनी टाकले होते. दोन मंजूर झाले होते, तिसऱ्याचं अपील चालू होतं. शेतकरी आपल्या वावरांबद्दल बोलतो तसे ते आपल्या दुखण्यांबद्दल बोलायचे.

“तुही तोफ अन् माही तोफ एकच होती,” ते म्हणाले. “माहा कान गेला अन् तुहा कसा राहिला? एकदा तपासून तं पाह्य.”

पुंजाजींनी कारणं दिली. नोंद नाही. नवा दावा टाकला तर मेडिकल बोर्ड जुना गुडघाही उकरून काढेल. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. अर्ज द्यायचा तर अकोल्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जावं लागणार, तिथे पंचक्रोशीतला कोणी ना कोणी माजी सैनिक बाकावर बसलेला असणार, आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळणार की अध्यक्ष बहिरे आहेत. अकडू म्हणवून घ्यायला पुंजाजींची हरकत नव्हती. बहिरा म्हणवून घ्यायला होती.

शेवटी नत्थुजींना भेटायचं म्हणून ते अमरावतीला गेले. नत्थुजींनी त्यांना थेट कान तपासणाऱ्या गीतांजली मॅडमकडे नेलं. मॅडमनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. पुंजाजी बोट तयार ठेवून बसले. बराच वेळ झाला तरी तपासणी सुरूच होईना. मग मॅडम दार उघडून आत आल्या आणि म्हणाल्या, डावा झाला, आता उजवा.

उजव्याला आवाज आले. पुंजाजींनी उत्साहाने बटण दाबलं. बाहेर आल्यावर मॅडमनी कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली आणि सांगितलं की डावा जवळजवळ गेलाच आहे, पण उजवाही बराच उतरला आहे. बारीक आवाज आणि हळू बोलणं त्यात पोचत नाही. नत्थुजींनी पुंजाजींच्या पाठीवर थाप मारली. आता दोन्ही कानांचा दावा टाकता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

घरी इंदूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. पुंजाजी त्यांच्यासमोर बसले.

“माहा डावा कान गेला हाये,” ते म्हणाले.

इंदूबाईंचा हात थांबला नाही. “माहीत हाये मले.”

“कवापासून?”

“तुमी रजेवर येत होते, तवापासून.”

“मंग बोलली काहून नाई?”

इंदूबाईंना त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नव्हतं. नवरा लपवतो आहे म्हणजे त्याला लपवायचं आहे, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी आपली सोय करून घेतली होती. सांगायचं असेल ते उजवीकडून सांगायचं. नुसतं बोलायचं असेल ते डावीकडून बोलायचं. मन मोकळं होई आणि भांडण होत नसे.

पुंजाजींनी यावर विचार केला. “डावीकडून काय बोलत होती?”

“तुमच्याबद्दलच,” इंदूबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी पुस्ती जोडली, “समदंच वाईट नाई.”

मग पुंजाजींनी उजव्या कानाचं सांगितलं. तेव्हा मात्र मेथीची जुडी इंदूबाईंच्या हातातच राहिली.

“म्हंजे उजवीकडचंही नाई पोचलं?”

“थोडंफार पोचलं असंल.”

इंदूबाई हळूच बोलू लागल्या, आणि पुंजाजींना ऐकू येत नाही हे लक्षात येऊन मोठ्याने. लेकरं लहान असताना अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती. इंदूबाई दहावी पास होत्या, अंगणवाडीच्या बाईंनी घरी येऊन विचारलं होतं. त्या रजेत पुंजाजी पेपर वाचत बसले होते. त्यांच्या उजव्या बाजूला उभं राहून इंदूबाईंनी हळूच विचारलं, जाऊ का? पुंजाजींनी मान वर केली नाही. इंदूबाई समजल्या, नको म्हणतात. ती जागा दुसऱ्या बाईला मिळाली. ती बाई अजून तिथेच होती आणि रोज यांच्या दारावरून जायची.

पुंजाजींना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. आठवण्यासारखं त्यांच्यापर्यंत काही आलंच नव्हतं.

“म्या कायले नको म्हनलं असतं?” ते म्हणाले.

“थे मले आता समजलं,” इंदूबाई म्हणाल्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मेथी पुन्हा निवडायला घेतली. “टाका अर्ज. भेटो का ना भेटो. पन ह्या मानसाले ऐकू येत नोयतं, हे कुठंतरी लिहेल पायजे.”

त्याच आठवड्यात पुंजाजी अकोल्याला गेले. बाकावर शेजारच्या गावचे कुंदन हवालदार बसलेच होते. बातमी पुंजाजींच्या आधी गावात पोचली. समितीच्या दोन्ही गटांनी आजवरचे निर्णय पुन्हा तपासायचे ठरवले, आणि ते बरेच बरे निघाल्यामुळे त्यांची पंचाईत झाली. अध्यक्ष तेच राहिले. फक्त बैठकीत उजवीकडे बसायला सगळे लवकर येऊ लागले.

इंदूबाईंनी हिवरखेडला विहीणबाईंना फोन केला. पुढच्या रविवारी उत्तमराव सीताफळांची टोपली घेऊन आले. इतकी वर्षं सांभाळलेला अपमान मुळात झालाच नव्हता, हे पचवायला त्यांना जड गेलं. चहा होईपर्यंत ते उदास होते. नंतर जरा खुलले आणि जाताना पुंजाजींच्या कानाशी इतक्या मोठ्याने ‘येतो’ म्हणाले की शेजारचे बाहेर आले.

बोर्डासमोर तरुण डॉक्टरांनी विचारलं, तेव्हाच का सांगितलं नाही? पुंजाजींनी बढतीचं खरं कारण सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. काही महिन्यांनी निकाल आला. डावा कान तोफेचा धरला होता, उजवा वयाचा. नत्थुजींना हे अजिबात पटलं नाही. उजव्याचं अपील टाक, मजकूर मी सांगतो, असा त्यांनी लकडा लावला.

या खेपेला पुंजाजी कानात मशीन घालून इंदूबाईंसमोर बसले आणि त्यांनी विचारलं, काय करू? इंदूबाईंनी विचार करायला वेळ मागितला. पुंजाजी थांबले. नत्थुजींचे फोन येत राहिले, त्यांना पुंजाजी सांगायचे की घरून अजून उत्तर आलं नाही.

कापूस वेचून झाल्यावर एका सकाळी इंदूबाई म्हणाल्या, “टाकून पाहू. मी बी येते. थे हापिस पाह्यचं हाये मले.”

त्यांनी नवी साडी नेसली. दोघं अकोल्याच्या एसटीत चढले. इंदूबाई पुंजाजींच्या उजव्या हाताला खिडकीशी बसल्या आणि स्टँड सुटायच्या आतच त्यांनी बोलायला सुरुवात केली.