कठड्यापलीकडची फुलं

आमच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये वेदीपुढे एक लाकडी कठडा आहे, जेमतेम गुडघ्याएवढा. कठड्याच्या अलीकडे कुणीही यावं, झाडावं, पुसावं. पलीकडे पाऊल टाकायचं ते पाद्र्यांनी, आणि फुलं मांडायला मातृसंघाच्या बायकांनी. मातृसंघात यायचं तर चर्चमध्ये लग्न झालेलं लागतं. माझ्या मैत्रिणीचं, अद्येरीचं, झालेलं नव्हतं.

म्हणजे संसार होता. आरालीबरोबर चोवीस वर्षं, चार मुलं, केळीची बाग. पण चर्चमधलं लग्न म्हणजे अख्ख्या टेकडीला जेवण, पांढरा झगा, सजवलेली मोटार. ते दोघं दर वर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणत राहिले. आमच्याकडे निम्मे संसार असेच चालतात आणि कुणी नावं ठेवत नाही. फक्त तो कठडा आडवा येतो.

त्यात चर्चमध्ये लागणारी सगळी फुलं अद्येरीच्याच दारची. लिली, ग्लॅडिओलस, झेंडू. तिने नुसती काडी खोचली तरी धरते. दर शनिवारी ती बादली भरून आणायची, कठड्याशी ठेवायची, आणि मी ती उचलून आत न्यायची, कारण मी मातृसंघातली. अकरा वर्षं मी तिच्या फुलांवर शाबासकी घेतली. खरं सांगते, मला फुलं मांडता येत नाहीत. ती अलीकडून सांगायची, मी पलीकडे हात चालवायची.

"अब्वोली, उंच दांडी मागे घे. अगं, मागे! कुंपणातून कोंबडी मान काढून बघतेय असं दिसतंय ते."

गेल्या ईस्टरला प्रवचन चालू असताना वाऱ्याने वेदीवरची फुलदाणी कलंडली. पाणी उघड्या बायबलकडे धावायला लागलं. आम्ही मातृसंघाच्या बायका एकमेकींकडे बघत बसलो. अद्येरी पहिल्या बाकावर होती. दोन ढांगांत ती कठडा ओलांडून गेली, फुलदाणी सरळ केली, खांद्यावरच्या वस्त्राने पाणी टिपलं आणि परत जागेवर येऊन बसली.

उपासना संपल्यावर अंगणात अमूतीने तिला गाठलं. अमूती आमच्या मातृसंघाची अध्यक्ष. तीस वर्षं शाळेची मुख्याध्यापिका होती, आवाज अजून तसाच.

"कबाजुंगू," ती म्हणाली, आणि आजूबाजूच्या बायकांनी चमकून वळून पाहिलं. आम्ही तोरो लोक एकमेकांना आपुलकीच्या नावाने हाक मारतो. अद्येरी, आराली, अब्वोली ही सगळी तशीच नावं. ते सोडून कुणाचं पाळण्यातलं नाव घेणं म्हणजे तोंडावर दार लावणं. "कबाजुंगू, आधी बोटात अंगठी घाल. मग वेदीला हात लाव."

अद्येरी तडक वळली. घरी गेली. आराली जेवायला बसला होता.

"ऑगस्टमध्ये लग्न करायचं," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"आपलं."

आरालीच्या हातातला घास हातातच राहिला. "आता? माझे दात पडायला आले. एवढं प्रेम एकदम कुठून उतू आलं?"

"प्रेम आहेच. पण लग्न मला फुलांसाठी करायचंय."

हे आराली पुढे ज्याला त्याला हसत हसत सांगायचा. पण खुर्च्या, मांडवाचं कापड, मेजवानीसाठी कापायचे दोन बैल जमवायला सकाळी सायकल काढून निघायचा तोच.

चर्च आपणच सजवणार, असं अद्येरीने जाहीर केलं तेव्हा टेकडीवर चर्चा झाली. नवरीने कधी असली कामं केली होती? तिची मोठी मुलगीही कुरकुरली, "आई, हातांना चिखल लावून लग्नाला उभी राहणार का?"

"चिखल धुता येतो," अद्येरी म्हणाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ती उजाडायच्या आत दलदलीत उतरली आणि तुरेवाल्या लव्हाळ्यांचे भारे कापून आणले. दारात घडासकट केळीचे खांब रोवले. प्रत्येक बाकाच्या टोकाला लिलीची जुडी, सुतळीने बांधलेली, गाठ आतल्या बाजूला. दुपारी मी पाहिलं तर सत्तेचाळीस वर्षांची ती बाई शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून कमानीला बोगनवेल बांधत होती. शिडी मी दोन्ही हातांनी धरून होते.

संध्याकाळी रेव्हरंड अपूली आले. तरुण माणूस, आमच्याकडे नवीनच. सगळीकडे फिरून त्यांनी मान डोलावली, मग कठड्याशी थांबले. "अद्येरी, वेदी राहिली की."

"ती उद्या, रेव्हरंड."

"उद्या कधी? अकराला लग्न आहे."

"तुम्ही अंगठी घालायला सांगाल ना, त्याच्या नंतर."

त्यांनी रिकाम्या वेदीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे नियमात बसतं का?"

"नियमात बसावं म्हणूनच तर लग्न करतेय."

रेव्हरंडनी हनुवटी चोळली. "बरं," म्हणाले. जाताना अद्येरी मला म्हणाली, "सकाळी माझं केस विंचरणं, झगा घालणं चालू असेल. तोवर वेदीवर कुणाला काही ठेवू देऊ नकोस. तुझ्यावर सोडतेय."

शनिवारी नऊला अमूती हजर. हातात पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यात प्लास्टिकचे गुलाब. "रिकाम्या वेदीपुढे लग्न लावणार? लोक काय म्हणतील? कपाटाची किल्ली दे, फुलदाण्या काढू."

पितळी फुलदाण्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते. उभ्या आयुष्यात मी अमूतीला नाही म्हटलं नव्हतं. तिच्याच वर्गात मी छडी खाल्लेली. मी किल्ली मुठीत धरली.

"नाही देणार."

"काय म्हणालीस?"

"नाही देणार म्हटलं, बाई. फुलं तिची, लग्न तिचं. अकरा वर्षं तिचं काम मी माझं म्हणून मिरवलं आणि तुम्हाला ते माहीत होतं. आता एक दिवस थांबा."

तिने हात पुढे केला. मला वाटलं, आता कान धरणार. मग खोकं काखोटीला मारून ती बाकावर जाऊन बसली आणि पाठ ताठ केली.

चर्च भरलं. उघड्याबोडक्या वेदीकडे बघून कुजबुज चालू होती. शपथा झाल्या. आरालीने अंगठी चढवली. कामाने सुजलेल्या बोटावर ती सांध्याशी अडकली, तेव्हा अद्येरीनेच दाबून बसवली. रेव्हरंडनी त्यांना पती-पत्नी म्हणून जाहीर केलं आणि बायकांनी जिभा हलवून आनंदाची आरोळी ठोकली.

ती विरायच्या आत अद्येरीने हातातला गुच्छ आरालीच्या हाती दिला. "धरा जरा." डोक्यावरची जाळी काढून कठड्यावर टाकली, झगा गोळा केला आणि पलीकडे गेली.

मी फुलदाण्यांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे दिली आणि पहिल्या बाकाखालच्या बादल्या ओढल्या. मला आत जाता आलं असतं. पण मी अलीकडेच थांबले आणि एकेक दांडी तिच्या हातात देत राहिले. पहिली तिने फारच आखूड कापली. ती बाजूला ठेवून तिने दुसरी मागितली. त्यानंतर हात थांबला नाही. गायकवृंदाला काय करावं कळेना. मग कुणीतरी सूर धरला आणि गाणं सुरू झालं. आराली गुच्छ घेऊन उभा, नवरीसारखा. मुलं फिदीफिदी हसत होती.

चौथ्या कडव्याला अमूती उठली. कठड्यापर्यंत आली. गाणं चालूच होतं, पण लोकांचं लक्ष गाण्यात नव्हतं.

"डावीकडची दांडी फार उंच झालीय," ती म्हणाली.

अद्येरी दोन पावलं मागे सरली, डोळे बारीक करून पाहिलं. "उंचच हवी, बाई. खिडकी त्या बाजूला आहे. उजेड तिथून येतो."

अमूतीने खिडकीकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं. "हं," म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.

शेवटचा लव्हाळा खोचून अद्येरीने झग्यालाच हात पुसले. मुलीने कपाळावर हात मारून घेतला. अद्येरी कठडा ओलांडून आरालीच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चला रेव्हरंड, सह्या कुठे करायच्या?"

जेवायला उशीर झाला त्यावरून आरालीचे भाऊ आठवडाभर बडबडत होते. पुढच्या महिन्यात अद्येरी मातृसंघात आली. शनिवारी वेदी तीच मांडते, अमूती बाजूला उभी राहून चुका काढते, आणि दोघी तासभर भांडतात. मी बाकं पुसते. ते मला चांगलं जमतं.